पंक्तिप्रपंच

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाठीच्या दुखण्याने इतके बेजार होते की, ते व्यासपीठावर आले ते चाकांच्या खुर्चीतून. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या ग्रंथकारांच्या मेळाव्यापासून हिशेब केला, तर ह्या मानाच्या जागी ख्रिस्ती माणूस बसण्यास एकशे बेचाळीस वर्षे लागली. आणि तरीही तो बसू नये, असे वाटणारे लोक होते. सप्टेंबर २०१९ मध्ये निवड जाहीर होताच विरोधाचे सूर उमटले, महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे दूरध्वनी आले. अनेक तोंडांनी विचारला गेलेला प्रश्न मात्र एकच होता: धर्मगुरूचा आणि मराठी साहित्याचा संबंध काय?

त्या दिवसांत आपण सर्वांनी ह्या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते आम्हांला आज पुन्हा तपासून पाहावेसे वाटते. फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक अशी नावांची माळ आपण ओढली. सभांत ओढली, वर्तमानपत्रांतील पत्रांत ओढली, मिस्सानंतर चर्चच्या आवारात उभे राहून ओढली. माळेतला मणी न् मणी खरा आहे. तथापि जुन्या भाडेकरूने घरमालकासमोर पावत्यांचे पुडके टाकावे, तसे ते उत्तर होते. आम्ही फार दिवसांचे आहोत, म्हणून आम्हांला काढू नका, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांची नावे आपण घेतली, त्यांचे ग्रंथ आपल्यापैकी किती घरांत आहेत? कपाटात असतील तर किती जणांनी उघडले आहेत? आम्ही स्वतःपासून सुरुवात करतो. ‘यमुनापर्यटन’ आम्ही पहिल्यांदा संपूर्ण वाचले ते वयाची चाळिशी उलटल्यावर. तोवर त्याचे नाव मात्र भाषणांतून शंभरदा घेतले होते.

मराठीत एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. पंगतीला बसवायचे सर्वांना, पण तुपाची वाटी कोणासाठी थांबते, पोळी कोणाला गरम मिळते, आग्रह कोणाला होतो आणि कोणाचे पान मागणी केल्यावाचून भरत नाही, ह्यात भेद करायचा. दारातून हाकलून देणे हा उघड अन्याय असतो. त्याविरुद्ध बोलता येते. पंक्तिप्रपंचाविरुद्ध बोलणे अवघड जाते, कारण वाढणारा निरागसपणे म्हणतो, ‘तुम्हांला पाट तर मांडला आहे ना!’ मराठी साहित्याच्या पंगतीत ख्रिस्ती लेखकांच्या वाट्याला जे आले, ते बव्हंशी हे दुसऱ्या जातीचे आहे असे आमचे मत आहे. आणि आपल्या स्वतःच्या पंगतीत आपण काय वाढतो, हा त्याच मताचा दुसरा, अधिक बोचरा भाग आहे.

प्रथम संमेलनाकडेच पाहू. १८८५ साली ह्याच ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण जोतीराव फुले यांना गेले असता त्यांनी ते नाकारले. माणसांचे हक्क जे माणसांना देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा व पुस्तके मिळत नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे संस्था जेमतेम उभी राहत होती, तेव्हाच तिच्या दारातल्या अडसरावर बोट ठेवले गेले होते. त्यानंतर पहिली स्त्री अध्यक्ष झाली ती १९६१ साली ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. दलित समाजातून आलेले पहिले अध्यक्ष शंकरराव खरात, १९८४, जळगाव. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण, १९९०, पुणे. ही वर्षे एकाखाली एक लिहून पाहिली की, लेखक होते आणि लेखनही होते, दार तेवढे सावकाश उघडत होते, हे दिसून येते.

ह्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. २००१ साली इंदूरला विजया राजाध्यक्ष अध्यक्ष झाल्या. त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षे एकही स्त्री त्या जागी आली नाही. मराठीत ह्या काळात स्त्रिया लिहीत नव्हत्या काय? उलट, हा काळ त्यांच्या लेखनाने भरगच्च आहे. पण अध्यक्षपद निवडणुकीने ठरत असे. उमेदवाराने अर्ज भरायचा, मोजक्या मतदारांच्या गाठीभेटी घ्यायच्या, घटक संस्थांच्या गटातटांचे गणित जुळवायचे. ज्याच्यापाशी वेळ, ओळखी आणि कातडीचा जाडपणा आहे, त्याने ह्या वाटेने जावे. २०१८ मध्ये महामंडळाने मतदान बंद करून विचारविनिमयाने एकमुखी निवड करण्याची पद्धत आणली. पुढच्याच संमेलनाला, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला, अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या. त्याच्या पुढच्या संमेलनाला फादर दिब्रिटो आणि त्यानंतर नाशिकला, डिसेंबर २०२१ मध्ये, वैज्ञानिक जयंत नारळीकर. लेखक तेच होते, वाचक तेच होते. नियम बदलला आणि जी माणसे कधी अर्ज भरून दारोदार फिरली नसती, ती अध्यक्ष झाली. समाजाचे मन बदलेपर्यंत काही होणार नाही, असे जे वारंवार ऐकू येते, त्याला हे चोख उत्तर आहे. पुष्कळदा मन आधीच बदललेले असते. मागे राहिलेला असतो तो नियम. (मूठभर माणसांनी बंद खोलीत केलेली निवड नेहमीच उदार असेल, असा आमचा भ्रम नाही. उद्या त्या मुठीतली माणसे बदलली की तीच पद्धत दुसऱ्या दिशेने चालू लागेल. पण तो वेगळा विषय.)

आता ग्रंथांकडे वळू. कारण खरी पंगत तिथे आहे. संमेलन तीन दिवसांचे, वाचन वर्षभराचे.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या साष्टीच्या लोकांना जुनी पुराणे हाती धरण्याची मुभा उरली नव्हती, आणि त्यांच्या जागी वाचायला काही द्या, अशी त्यांची मागणी होती. ज्या धर्मसत्तेने त्यांचे ग्रंथ काढून घेतले, तिच्याच एका इंग्रज सेवकाने त्यांना त्यांच्या छंदात, त्यांच्या शब्दांत दुसरा ग्रंथ दिला, ही वस्तुस्थिती दोन्ही अंगांनी पाहिली पाहिजे. स्टीफन्सचा गौरव करताना आपण सहसा तिचे एकच अंग पाहतो. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धाडस त्या काळच्या एका परदेशी येशूसंघीयाने केले. तो ह्या मातीत पाहुणा म्हणून आला आणि भाषेच्या बाबतीत घरचा होऊन गेला. पण गोव्याच्या छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. देशावर ज्याला ओवी कळत होती, त्याला ही अक्षरे कळत नव्हती. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज आत्मसात करण्यासाठी लोकांना तीन वर्षांची मुदत दिली, आणि ज्या लोकांसाठी ग्रंथ रचला, त्यांच्या जिभेवरच बंधन आले. मूळ तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली, तेव्हा कुठे सर्वसाधारण मराठी वाचकाला तो ग्रंथ वाचता येऊ लागला. मध्ये तीनशे चाळीस वर्षे गेली. ह्या विलंबाबद्दल पुण्याच्या किंवा नागपूरच्या टीकाकारास दोष देण्यात अर्थ नाही. तो अडसर लिपीचा होता, सत्तेचा होता, आणि त्यातला मोठा वाटा आपल्याच पूर्वसूरींचा होता.

बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ची (१८५७) गोष्ट निराळी. लिपी देवनागरी, विषय हिंदू विधवांची दुःस्थिती, आणि काळाच्या दृष्टीने मराठीतील पहिली कादंबरी. तरीही तिला पहिलेपणाचा मान देताना अनेकांची लेखणी अडखळते. ती धर्मप्रचाराची आहे, म्हणून तिला कादंबरी तरी म्हणावे काय, अशी शंका घेतली जाते. येथे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो की, शंकेत तथ्य आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध कादंबरीकाराचा नाही, उपदेशकाचा आहे. पात्रे बोलायची थांबतात आणि प्रवचन सुरू होते. पण पूर्वार्धात यमुना आणि तिचा नवरा गावोगाव फिरत असता ज्या विधवा त्यांना भेटतात, त्यांचे बोलणे आजही जिवंत आहे. प्रश्न असा की, ह्याच शतकात स्वधर्माच्या किंवा सुधारणेच्या प्रचारासाठी लिहिलेल्या इतर किती कादंबऱ्यांना ही परीक्षा लावण्यात आली? प्रचार आपला असला की तो ‘प्रबोधन’ होतो आणि दुसऱ्याचा असला की ‘प्रचार’ राहतो. तूप कोणाच्या पानाशी थांबते, ते इथे कळते.

आणि ‘स्मृतिचित्रे’? लक्ष्मीबाईंना तर सर्वांनी डोक्यावर घेतले आहे. तिथे कसला आला पंक्तिप्रपंच, असे वाचक म्हणतील. आमच्या मते सर्वांत सूक्ष्म भेद तिथेच झाला आहे, म्हणून त्या पुस्तकापाशी थोडे थांबू.

१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्राची प्रशंसा बहुधा तीन-चार ठरीव विशेषणांनी होते. साधे, सरळ, निर्व्याज, भाबडे. शाळेत आम्ही वाचलेला उतारा विनोदी होता. टिळकांचा विसरभोळेपणा आणि लक्ष्मीबाईंची फजिती वाचून वर्ग हसला, धडा संपला. ह्या प्रशंसेत खोटे काही नाही. पण भाबडेपणाची ही स्तुती आम्हांला नेहमी अस्वस्थ करते. जी बाई शाळेत गेली नाही, तिने जे लिहिले ते आपसूक झाले, जणू झाडाला फळ आले, असे मानले की तिच्या विचाराची दखल घ्यावी लागत नाही. पुस्तकाचे पहिलेच प्रकरण उघडून पाहा. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा सोस, बायकोमुलांचा होणारा छळ, विटाळाच्या भीतीने गोठलेले एक अख्खे घर. आत्मचरित्राची सुरुवात जन्मतिथीने न करता विटाळाने करणाऱ्या लेखिकेला भाबडी कसे म्हणावे? ती आपल्याला सांगते आहे की, पुढच्या साऱ्या पुस्तकाचा विषय हा आहे: शिवायचे कोणाला, आणि शिवायचे नाही कोणाला.

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा आकांत, माहेरच्यांच्या आधाराने काढलेली विरहाची वर्षे, आणि मग पुन्हा नवऱ्याच्या जवळ येऊन राहणे. पण जवळ येऊनही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, आणि एकाच छपराखाली दोन स्वयंपाक. हा भाग त्या अशा खुसखुशीत रीतीने सांगतात की, आपण हसत हसत पुढे जातो. मग एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न येतो की, ही जात देवाने केली की माणसाने? विचार करता करता गाठ सुटते, आणि इथून पुढे कोणाच्याही हातचे खायचे असा त्यांचा निश्चय होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या वेळी त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत. बाप्तिस्मा १९०० साली, त्यानंतर. आधी जात गेली, मग धर्म आला. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयात ह्या क्रमाइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट आम्हांला आढळलेली नाही. कारण आपल्याकडे हजारो लोकांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा झाला: धर्म आधी आला, आणि जात जायची तशीच राहून गेली.

पुढे राहुरीला टिळक दांपत्य महार-मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांमध्ये राहिले. लक्ष्मीबाई तिथल्या बायकांविषयी लिहितात तेव्हा उपकाराचा सूर लागत नाही. त्या भांडतात, फसतात, चिडतात, शिकतात. स्वतःच्या मनातील जुना विटाळ कधी कधी पुन्हा डोके वर काढतो, तेही त्या लपवीत नाहीत. बहिष्कृतांना आपले म्हणण्यासाठी काय काय सोसावे व सोडावे लागते, त्याचा इतका खरा जमाखर्च त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या मराठी पुस्तकात आहे? आणि टीकाकारांनी त्यातून काय उचलले? विनोद आणि पतिपरायणता. बाप्तिस्म्यानंतरचा अर्धा ग्रंथ जणू परिशिष्ट म्हणून वाचला गेला. लक्ष्मीबाईंना पंगतीत पाट मिळाला तो टिळकांच्या पत्नीचा. विचार करणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीचे पान अजून वाढायचे आहे.

आपण कॅथॉलिकांनी तरी काय वेगळे केले? त्या प्रॉटेस्टंट, म्हणून त्यांचे पुस्तक ‘त्यांच्यातले’. व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तैक्याचा दस्तऐवज दिला. तरीही आमच्या लहानपणी धर्मग्रामाच्या वाचनालयात संतचरित्रांची रांग होती, ‘स्मृतिचित्रे’ नव्हते. ते आम्ही प्रथम वाचले एका हिंदू शिक्षकांनी स्वतःची प्रत दिली म्हणून.

फादर दिब्रिटो ह्या पंगतीत कसे बसले, हेही ह्या संदर्भात पाहण्याजोगे आहे. ‘ख्रिस्ती साहित्य’ नावाची एक स्वतंत्र खोली मराठीत बांधून ठेवलेली आहे. वाङ्मयेतिहासात तिला स्वतंत्र प्रकरण मिळते, आणि ते प्रकरण ओलांडून इतर प्रकरणांत जायचे कारण वाचकाला उरत नाही. ही खोली निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. दलित लेखकांनी १९५८ साली मुंबईत आपले संमेलन भरवले. मुस्लिम मराठी लेखकांनी १९९० साली सोलापुरात भरवले. वेगळी चूल कधी कधी उपाशी राहू नये म्हणून मांडावी लागते. परंतु ‘सुवार्ता’चे १९८३ पासून २००७ पर्यंत संपादन करणारे दिब्रिटो त्या खोलीत बसून राहिले नाहीत. वसईच्या विहिरी, केळीच्या बागा, पाणथळ जमिनी, त्यांच्यावर आलेले बांधकामाचे संकट आणि गुंडगिरी ह्यांविषयी ते बोलले आणि लिहिले. हरित वसईच्या लढ्यात धर्मगुरूच्या झग्याआड एक शेतकऱ्याचा मुलगा उभा आहे, हे महाराष्ट्राने पाहिले. दैनिकांतील त्यांचे स्तंभ वाचणाऱ्यास ते आधी शेजारी वाटत आणि मग फादर. ‘सुबोध बायबल’चे भाषांतर करताना त्यांनी हीच शेजारधर्माची भाषा वापरली. मिशनऱ्यांपासून चालत आलेली पोशाखी ख्रिस्ती मराठी त्यांनी बाजूला ठेवली, आणि बायबल प्रथमच हाती घेणाऱ्या वाचकाला बिचकावयास लावणारे पुष्कळ त्यातून गळून गेले. त्यांच्या ललित लेखनात कधी कधी गोडवा जास्त होतो, चिंतन सुविचाराकडे झुकते, असे आमचे मत त्यांच्या हयातीतही होते आणि २५ जुलै २०२४ रोजी ते गेल्यानंतरही आहे. पण परक्या वाचकाच्या ओसरीवर जाऊन बसण्याचे त्यांचे कसब आपल्यातील दुसऱ्या कोणापाशी नव्हते.

संमेलनाला लावलेली पट्टी आता आपल्या घराला लावू. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. चर्चमध्येही जातिभेद आहे, हे त्यात उघड मान्य केले आहे. धर्मांतरित दलितांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले, त्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो ते योग्यच. मात्र त्यासाठी सरकारला ‘आमच्यात जात आहे’ असे सांगताना आणि धर्मग्रामात ‘आमच्यात जात नाही’ असे सांगताना आपली जीभ कशी अडखळत नाही, ह्याचे आम्हांला नवल वाटते. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ साली कार्डिनल झाले. दलित समाजातून त्या पदावर गेलेले ते पहिले. स्त्रियांची गोष्ट तशीच. आपल्या मुली वर्षानुवर्षे वेदीवरून वाचने करीत आल्या, पण वाचक म्हणून विधिपूर्वक नियुक्ती पुरुषांपुरतीच होती. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये कायद्यातला एक शब्द बदलला. ऑक्टोबर २०२३ च्या सिनडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. महामंडळाच्या बाबतीत जे म्हटले, तेच येथे: बायकांना वाचता येत होतेच, नियमाला ते उशिरा कळले.

आता जे सांगायचे आहे, ते सांगावे की नाही ह्याचा आम्ही बराच विचार केला. काही वर्षांपूर्वी एका निबंधस्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे आले होते. विषय होता ‘माझे चर्च’. त्यात जालना भागातून मुंबईत येऊन घरकाम करणाऱ्या एका भगिनीचा निबंध होता. फुलस्केपची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. भाषा तिच्या बोलण्यातली. ‘आमी’, ‘पानी’, ‘व्हतं’. आम्ही लाल शाईने खुणा करीत गेलो. पहिले पान संपेपर्यंत समास लाल झाला होता. शुद्धलेखनाचे गुण गेले, परिच्छेदांच्या मांडणीचे गेले, आणि निबंध बाजूला पडला. पहिले बक्षीस ज्या निबंधास दिले, तो फार सफाईदार होता. त्यातले एक वाक्यही आज आम्हांला आठवत नाही.

प्रस्तुत लेखासाठी जुने कागद चाळताना ती चार पाने हाताला लागली. ह्या खेपेस हातात लाल शाई नव्हती. तिने लिहिले होते ते असे. गावाकडच्या चर्चमध्ये बाके नव्हती, सगळे जमिनीवर बसत, ती लहानपणी अगदी पुढे बसायची. मुंबईच्या धर्मग्रामात आल्यावर पहिल्या रविवारी ती शेवटच्या बाकाच्याही मागे, खांबापाशी उभी राहिली. पुढे अकरा वर्षे तिथेच. तिला मागे उभी राहा असे कोणी कधी म्हटले नाही. पुढे ये, असेही कोणी म्हटले नाही. मुलीच्या प्रथम कम्युनियनच्या दिवशी पालक म्हणून पुढच्या बाकावर बसावे लागले, तेव्हा तिथून वेदी किती जवळ दिसते, ह्याचेच तिला आश्चर्य वाटत राहिले, आणि त्या नादात तिचे उपदेशाकडे लक्ष लागले नाही, अशी कबुली तिने दिली होती.

लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीचा प्रसंग आहे. येशू पाहुण्यांना सांगतो की, पहिल्या जागा पटकावू नका, शेवटच्या जागी जाऊन बसा. नम्रतेच्या धड्यासाठी हा उतारा आपण वारंवार ऐकतो, आणि आमचे निरीक्षण असे की, तो पुढच्या बाकांवरून मागच्या बाकांना ऐकवला जातो. वस्तुतः तो उपदेश पुढे घुसणाऱ्यांना आहे. आणि त्याचा उत्तरार्ध यजमानासाठी आहे: त्याने उठायचे, मागे जायचे आणि शेवटी बसलेल्याला मित्र म्हणून वर बोलवायचे. ती अकरा वर्षे खांबापाशी उभी होती, त्या काळात यजमान कोण होते? आम्हीच, आणि आमच्यासारखे.

लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’चे हस्तलिखित आमच्या हाती दिले असते तर? त्यांनाही शाळा ठाऊक नव्हती. त्यांची वाक्येही बोलण्यातून आली होती. आम्हांला हे मान्य करावे लागते की, लाल शाईची बाटली आम्ही तेव्हाही उघडली असती.

तो निबंध पुढील अंकात छापावा, एकही अक्षर न बदलता, असे आम्ही सुचवले आहे, आणि संपादकांनी ते मान्य केले आहे. तिची संमती घेण्यासाठी आम्ही तिच्या घरी गेलो. स्पर्धा तिच्या लक्षातही नव्हती. चहा झाला. छापायला तिची हरकत नव्हती, उलट हसू आले. आपले चुकलेले तसेच छापणार, ह्याची तिला मौज वाटली. मग तिने विचारले, नावाखाली वस्तीचे नाव येणार का? आम्ही म्हटले, पत्ता देण्याची पद्धत आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. वस्तीचे नाव छापले की वाचणाऱ्यांना आपण कोण ते कळेल, असे ती म्हणाली. आणि नाही छापले, तर चर्चमधल्यांना हे आपण लिहिले आहे ते कळणारच नाही. ‘तुमी सांगा, काय करायचं?’

आम्ही अजून काही सांगितलेले नाही. अंक छपाईला जायला तीन आठवडे आहेत.